थंड चाकं

"आप्पा, गाडी घ्यायची आहे का गोट्या खेळायच्यात?"

आमच्या ह्यांनी हे भर वजनकाट्यावर, चारचौघांत विचारलं. सासऱ्यांना घरात काय वाटेल ते बोला, ते ऐकून घेतात. पण चारचौघांत कुणी शब्द वर काढला की मग घरात भांडी आपटायला लागतात. मी ह्यांची बाही ओढली, पण ह्यांचं डोकं त्या दिवशी सकाळपासूनच तापलेलं होतं.

आप्पांनी वळूनही पाहिलं नाही. डब्यातून मूठभर चुना काढला, काट्याच्या उताराखाली रस्त्यावर आडवी रेघ मारली आणि हात झटकत म्हणाले, "गोट्याच समज. पण कुठली गोटी लांब जाते हे बघून बघूनच तुला एवढा मोठा केलाय मी."

लोक हसले. लोक म्हणजे कोण, तर काटा चालवणारा, पलीकडचा लोहार, गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायका आणि बाकी सगळे रिकामटेकडे. आमच्याकडे कुणी गाडी घ्यायला निघालं की ज्यांना सायकल चालवता येत नाही तेसुद्धा सल्ला द्यायला हजर.

त्याचं असं झालं होतं की डोंगरावरची दगडखाण नव्यानं सुरू व्हायची होती. खाली नदीवर मोठा पूल बांधत होते आणि त्याला लागणारा सगळा दगड घाटातून उतरवायचा होता. आमचा जुना ट्रक चढ दिसला की खोकायला लागायचा, आणि डिझेल तर असं प्यायचा की टाकीला भोक पडलंय का म्हणून मी एकदा खाली वाकून पाहिलं होतं. खेपेचा दर खाणवाल्यानं ठरवलेला, डिझेल ज्याचं त्यानं घालायचं. म्हणजे टाकीत जे उरेल तेच आमच्या घरात येणार. तेव्हा मोठा ट्रेलर घ्यायचा आणि तो कमी पिणारा घ्यायचा, इथवर बापलेकाचं एकमत होतं. पुढं मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना.

दलालाच्या आवारात दोन ट्रेलर होते, एक निळा आणि एक लाल. ट्रेलर म्हणजे पुढं ओढणारा भाग, त्याला आमच्यात घोडा म्हणतात, आणि मागं माल वाहणारा लांबलचक सांगाडा. दोन्हींची चाकं वेगळी, दोन्हींचे ब्रेक वेगळे. ह्यांना निळा आवडला होता. तो हे चालवून आले होते आणि आल्यापासून एकच तुणतुणं लावलं होतं, "पाय ठेवला की जागच्या जागी उभी राहते. गाडीला अक्कल आहे."

"थांबण्यासाठी गाडी घेतो का आपण?" आप्पा म्हणाले होते. "थांबायचंच असेल तर घरी बसू की."

आप्पा तरुणपणी बैलगाडीवान होते. त्या काळात गाडी पारखायची एक रीत होती, तिला 'सोडून बघणं' म्हणत. बैल न जुंपता गाडी जराशा उतारावरून सोडून द्यायची आणि सपाटीला ती किती लांब जाते ते बघायचं. जी लांब जाईल ती हलकी. तिच्यापायी बैलाचा खांदा सोलणार नाही. आप्पांनी साऱ्या गाड्या अशाच घेतल्या आणि कधी फसले नाहीत. पुढं बैल गेले, ट्रक आले, तरी त्यांची रीत बदलली नाही. बैलाच्या जागी डिझेल आलं एवढंच, असं ते म्हणायचे. हलकी धावते ती कमी पिते. आणि खरं सांगायचं तर आजूबाजूच्या दहा गावांतली माणसं आप्पांना मान देऊन बोलवायची, गाडी सोडून बघायला. दलालालाही ते पक्कं ठाऊक होतं.

तो पुढं झाला आणि आप्पांच्या हातातला चुन्याचा डबा स्वतः धरला. "आप्पा, तुमच्यापुढं आम्ही काय बोलणार? तुम्ही सोडून बघा. गाडीच बोलेल."

आधी निळा ट्रेलर काट्यावर चढवला. इंजिन बंद केलं, ब्रेक काढला. उतारावरून तो घसरत खाली आला, चुन्याची रेघ ओलांडली आणि लोहाराच्या दारासमोर येऊन थांबला. लोहारानं हातातली सांडशी उचलून त्याला सलाम केला.

मग लाल. लाल उतरला. आवाज नाही, कुरकुर नाही. लोहाराचं दार मागं पडलं, गिरणी मागं पडली. बायका दळणाचे डबे उचलून बाजूला झाल्या. एवढं मोठं लोखंडाचं धूड, आत एक दलालाचा माणूस, आणि ते आपलं आपण चाललंय. मला ते बघवेना. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. एखादं माणूस झोपेत चालताना दिसावं तसं वाटलं. ते विहिरीच्या वळणापर्यंत गेलं तेव्हा कुठं थांबलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी ह्यांच्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली.

"एवढी हलकी?" हे मला हळूच म्हणाले. "नवी गाडीसुद्धा एवढी जात नाही गं."

"मग बोला की तसं."

"आता बोलून काय उपयोग? टाळ्या पडल्या."

माझी नणंद, वन्सं, तिथंच होती. तिचं सासर विहिरीपलीकडं, हाकेच्या अंतरावर. ती पदर खोचून पुढं आली आणि आप्पांच्या दंडाला धरून लाडानं म्हणाली, "आप्पा, मुलाच्या घरी अशी गाडी आणि लेकीच्या घरी नको होय? आमचे हे पण खाणीवर जाणारच आहेत."

"जावईबापूंना विचार आधी."

जावईबापू मागं उभे राहून हसत होते. हा माणूस कायम हसायचा. चाक पंक्चर झालं तरी हसायचा, सासऱ्यानं टोचून बोललं तरी हसायचा. "तुम्ही निवडाल ती, आप्पा," ते म्हणाले. "मी काय, चालवणारा माणूस."

दलालाकडं तसलाच आणखी एक लाल होता, त्याचा जुळा. पुढच्या आठवड्यात आप्पांनी तोही सोडून बघितला. तोही विहिरीपर्यंत गेला. वन्सं त्या दिवशी माझ्याकडे येऊन, माझ्याच घरचा चहा पिऊन, मलाच सांगून गेली, "वहिनी, आमची तुमच्यापेक्षा दोन हात पुढंच गेली बरं का."

"दोन हात पुढं गेलीस तर विहिरीत पडशील," मी म्हणाले. आम्ही दोघी खूप हसलो. ते हसणं आठवलं की आता मला अन्न गोड लागत नाही.

त्या दिवसांत घाट बंद होता. दरड कोसळून रस्ता खचला होता, त्याची भिंत बांधणं चालू होतं. तोवर दोघेही सपाटीवरची कामं करत होते. कडब्याच्या पेंढ्या, रिकामी पिंपं, भुसा. हलका माल, सरळ रस्ता. आणि डिझेल खरोखरच वाचत होतं. हे पंपावर गेले की पंपवाला म्हणायचा, "काय हो, गाडी ढकलत नेता की काय?" आप्पा पारावर बसून हे सगळ्यांना ऐकवायचे. कुणी मुद्दाम विचारायचं, "आप्पा, निळीचं काय झालं?" आप्पा हात उडवायचे. "कुणीतरी घेतली असेल. खादाड जनावराला पण गिऱ्हाईक मिळतंच."

मी मात्र गाडीच्या मागं लागले होते. मला घरात सगळे संशयखोर म्हणतात, आणि मी आहे. दूधवाल्याचं माप मी बघते, भाजीवाल्याचा काटा मी बघते, मग दारात एवढं धूड उभं राहिल्यावर ते का नाही बघायचं?

आमच्या अंगणाला जरासा उतार आहे. जुना ट्रक तिथं वर्षानुवर्षं उभा राहायचा, कधी हलला नाही. हा लाल संध्याकाळी उभा केला की सकाळी मागच्या भिंतीला टेकलेला असायचा. भिंतीचा गिलावा तेवढ्या जागी खरवडला गेला. मी ह्यांना म्हणाले तर म्हणे, "मातीच भुसभुशीत आहे." मी चाकामागं लाकडी ठोकळा लावायला लागले.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे कुत्रा. एक म्हातारं कुत्रं आमच्याकडे कधीतरी आलं आणि राहिलं, म्हणून त्याचं नाव पाहुणा. जुना ट्रक बाहेरून आला की पाहुणा त्याच्या चाकांपासून लांब पळायचा. एकदा त्याच्या नाकाला चटका बसला होता. गाडी लांबून आली की चाकं तापतात, ब्रेक घासून घासून. हे काही मला कुणी शिकवलेलं नाही, दारात ट्रक असलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. ओलं धुणं चाकाजवळ वाळत घालायचं नाही, एवढं तरी ठाऊक असतंच.

तर हा पाहुणा लाल गाडी आली की धावत जायचा आणि ट्रेलरच्या मागच्या चाकाला पाठ टेकून पसरायचा. भर उन्हात, गावाबाहेरून आलेल्या गाडीच्या चाकाला! मी एकदा जाऊन चाकाला हात लावला. थंड. दुसऱ्याला लावला. थंड. सगळी मागची चाकं माठासारखी थंड. मग पुढं गेले आणि घोड्याच्या चाकाजवळ हात नेला, तर लावायच्या आधीच मागं घ्यावा लागला. जळकट वास येत होता.

"अहो," मी ह्यांना म्हणाले, "पुढची चाकं भाजतात आणि मागची थंड का?"

"मागं वारा लागतो."

"पुढच्यांना नाही लागत?"

हे हात धूत होते. थोडा वेळ नुसतं पाणीच ओतत राहिले. मग म्हणाले, "थांबायला जरा वेळ लावते. ब्रेक थोडा आधी दाबावा लागतो. सवय होईल."

"मिस्त्रीला दाखवा."

"दाखवतो."

"कधी?"

"अगं, दाखवतो म्हटलं ना! मिस्त्रीला बोलावलं की आप्पा विचारणार, कशाला? काय सांगू? तुम्ही निवडलेली गाडी थांबत नाही म्हणून? घरात पुन्हा महाभारत नको."

आमच्या घरात असंच आहे. गाडी बिघडली तर चालेल, आप्पांचं मन बिघडता कामा नये.

घाट सुरू झाल्याची बातमी आली तेव्हा थंडी पडली होती. डोंगर सकाळी दिसायचाच नाही, सगळं धुकं. जमीन ओली, अंगणातली माती पायाला चिकटायची. उद्यापासून खेपा सुरू, असा खाणवाल्याचा निरोप आला. पहिली खेप कुणाची यावरून हसतखेळत वाद झाला आणि आप्पांनी निकाल दिला, "पहिला मान जावयाचा."

त्याच संध्याकाळी हे भुसा टाकून परत आले. पाहुणा नेहमीसारखा चाकाला जाऊन टेकला. आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांचं लक्ष कुत्र्याकडे गेलं.

"ते कुत्रं तिथं कसं बसतंय?" ते म्हणाले.

"रोज बसतं," मी म्हणाले. "चाक थंड असतं."

आप्पा उठले. काठी न घेताच गेले. वाकून चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला आणि तसाच ठेवला. मग पुढच्या चाकाला. मग पुन्हा मागच्या. प्रत्येक चाकापाशी थांबले. बैलगाडीच्या काळात उताराला चाकामागं लाकूड बांधून ते घासत घासत उतरायचे. खाली पोचलं की लाकडातून धूर यायचा, असं त्यांनीच आम्हाला शंभरदा सांगितलेलं. थंड चाकाचा अर्थ त्या अंगणात कुणाला कळायचा असेल तर तो त्यांनाच.

"काय झालं, आप्पा?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. ताटावर बसले आणि घास चिवडून उठले.

आत येऊन त्यांनी फोन लावला. मी भांडी घासत होते, हात थांबवून ऐकलं. पलीकडे वन्सं होती.

"जेवलात का गं?... हां... धुकं आहे का तिकडं? इकडंही आहे." मग फोन या कानाचा त्या कानाला नेला. मला वाटलं, आता बोलतील. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, आप्पा, बोला. "हे बघ, जावईबापूंना सांग, उद्या सावकाश उतरा म्हणावं. घाट आहे. सावकाश."

वन्सं पलीकडून काहीतरी हसून बोलली. तिचा आवाज मला एवढ्या लांब ऐकू आला.

"हो, हो, माहीत आहे मला," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

एक वाक्य. चाकं बघून घ्या, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ज्या तोंडानं पारावर एवढं सांगितलं होतं त्या तोंडातून ते निघालं नाही. मी पदराला हात पुसत दारात जाऊन उभी राहिले, तर त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि पांघरूण घेतलं.

सकाळी हे निघाले तेव्हा आप्पा गाडीपाशी उभेच होते. म्हणाले, "मी येतो."

"एवढ्या थंडीत? कशाला?"

"येतो म्हटलं ना."

मग मीही चढले. मला कोण अडवणार होतं? डबा देण्याचं निमित्त केलं. घोड्यात सीटमागं झोपायची फळी असते, तिथं बसले. ठोकळा मी बरोबर घेतला होता, मांडीवर धरून बसले. ह्यांनी तो पाहिला आणि किल्ली फिरवली.

रिकामी गाडी घाट चढत होती. काचेबाहेर पांढरं सोडून काही नव्हतं. मध्येच नव्या भिंतीचा कठडा दिसायचा आणि जायचा. रस्ता ओला होता, दगडांतून पाणी झिरपत होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काय होतं ते दिसत नव्हतं, हेच वाईट.

"आप्पा," मी मागून म्हणाले, "काल चाकाला हात लावून काय बघितलंत?"

हे पुढं बघत गाडी चालवत होते, पण त्यांचे कान टवकारलेले मला दिसले.

"वर गेल्यावर बघू," आप्पा म्हणाले.

"वर गेल्यावर काय बघायचं? जावईबापू आधीच वर गेलेत."

"सूनबाई, मला आधी खात्री करू दे! उगाच कुणाच्या तोंडाला काळं फासायचं..." आणि बाहीनं समोरची काच पुसायला लागले.

ह्यांनी फोन काढून माझ्याकडे दिला. "त्यांना लाव." मी लावला. घाटात फोन लागत नाही. पुन्हा लावला. नुसतं टुक टुक.

आम्ही खाणीच्या फाटकाशी पोचलो आणि त्याच क्षणी समोरून, धुक्यातून, दुसरा लाल ट्रेलर बाहेर आला. भरलेला. वर दगडांचे चिरे रचलेले, साखळ्यांनी आवळलेले. खिडकीतून जावईबापूंचा हसरा चेहरा. त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला, पीं पीं, पहिली खेप आमची म्हणून.

आप्पांनी हात वर केला.

मी त्यांच्या मागंच होते. मी सांगते, तो हात थांबवायला वर गेला होता. बोटं ताठ होती, तोंड उघडलं होतं. पण तोंडातून आवाज आला नाही, आणि काचेपलीकडून तो हात सासऱ्यानं निरोपाला हलवलेल्या हातासारखाच दिसला असणार. जावईबापूंनी हसून आपला हात हलवला. गाडी शेजारून गेली आणि धुक्यात नाहीशी झाली.

"थांबवा!" मी ओरडले. "अहो, थांबवा त्यांना!"

"आधी बघू दे," आप्पा पुटपुटले. "पोरा, मागच्या ट्रेलरचा ब्रेक लाव. तेवढाच. आणि घोडा पुढं ओढ."

ह्यांनी लावला. हवा सुटल्याचा आवाज झाला. मागची सगळी चाकं आता अशी रुतायला हवी होती की घोडा ओढून ओढून थकला असता. ह्यांनी ॲक्सिलरेटरवर हलकेच पाय ठेवला. गाईमागं वासरू यावं तसा ट्रेलर मागोमाग आला. कुरकुरला नाही, अडला नाही. दलालानं आप्पांची रीत ओळखून मागचे सगळे ब्रेक ढिले करून ठेवले होते, गाडी लांब जावी म्हणून. नुसत्या घोड्याच्या चाकांवर सगळा भार थोपवत आम्ही इतके दिवस फिरत होतो, आणि कडबा हलका म्हणून जगलो होतो.

हे खाली उडी मारून घाटाच्या दिशेनं पळत सुटले, हात हलवत, जावईबापूंचं नाव घेत. माणूस पळून गाडी गाठतो का कधी? आप्पा दार धरून खाली उतरले. रस्त्याच्या कडेला, जिथून उतार सुरू होतो, तिथं जाऊन उभे राहिले. खाणीवरची माणसं गोळा झाली. मी सांगायचा प्रयत्न केला, पण माझं मलाच कळेना काय बोलतेय.

मग खालून हॉर्न ऐकू आला.

आधी थोडासा. कुणाला तरी बाजूला हो म्हणतोय असा. मग लांब. मग थांबेचना. एकसारखा, मोठा हॉर्न, पहिल्या वळणाच्या बाजूनं, मग दुसऱ्या. दिसत काहीच नव्हतं. पांढऱ्या धुक्याखाली तो आवाज डावीकडून उजवीकडे जात होता, पुन्हा डावीकडे, आणि दर खेपेला जास्त वेगानं. खाणीवरचा एक जण म्हणाला, "वळण घेतलं, घेतलं वळण." कुणीतरी त्याला गप्प केलं. आप्पा ओठ हलवत होते. मी जवळ गेले तर ते म्हणत होते, "थांब... थांब गं... थांब." गाडीला म्हणत होते.

हॉर्न बंद झाला. मग जो आवाज आला तो मी सांगणार नाही.

खाणवाल्याच्या जीपमधून आम्ही खाली गेलो. नव्या भिंतीच्या पुढच्या वळणावर ट्रेलर उलटा पडला होता, चाकं वर. चिरे रस्ताभर आणि खाली ओढ्यापर्यंत सांडलेले. घोडा त्यांच्याखाली होता. जावईबापू गेले होते. त्यांनी शेवटपर्यंत गाडी दरीच्या बाजूला जाऊ दिली नव्हती, डोंगराला घासत घासत आणली होती. कारण खालच्या वळणावर, बरोबर त्या दरीखाली, रस्त्याची डागडुजी करणारी माणसं कामाला चढत होती. त्यांतलीच काही आता दगड उपसत होती.

आप्पा त्या उलट्या ट्रेलरपाशी गेले. वर आलेल्या चाकाला त्यांनी हात लावला, आधारासाठी असेल. चाक फिरलं. नुसत्या बोटानं फिरलं आणि फिरत राहिलं, आवाज न करता. शेजारी दगड उचलणाऱ्या एका मजुरानं मान वर करून पाहिलं आणि सहज म्हणाला, "काय हलकं फिरतंय हो."

आप्पांनी दोन्ही हातांनी ते चाक धरून थांबवलं.

दलाल त्याच दिवशी आवाराला कुलूप लावून गेला, तो अजून आलेला नाही. ह्यांनी आमच्या गाडीचे ब्रेक आवळून घेतले. आता ती निळीइतकंच डिझेल पिते. संध्याकाळी आली की पाहुणा तिच्यापासून लांब जाऊन बसतो, आणि ते बघून मला रडू येतं.

वन्सं सध्या आमच्याकडेच आहे. गाडी का थांबली नाही हे तिला कुणी सांगितलेलं नाही. धुकं होतं, रस्ता ओला होता, एवढंच तिच्यापर्यंत पोचवलंय. हे म्हणतात, आप्पांनी सांगावं. आप्पा रोज सकाळी उठतात, तिच्याजवळ जाऊन बसतात, घसा खाकरतात आणि उठून जातात. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा ह्यांनी डोळे मोठे केले.

काल आप्पा असेच तिच्याशेजारी बसले होते. ती गहू निवडत होती. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मला वाटलं, आज बोलणार. मी चूल सोडून दाराशी आले.

वन्संनं सूप खाली ठेवलं आणि पदरानं त्यांचे डोळे पुसले. "आप्पा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही फोन केला होतात ना, सावकाश उतरा म्हणून. मी सांगितलं होतं त्यांना. तुमचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. ते सावकाशच उतरत असतील."

आप्पांनी मान हलवली. "हो," ते म्हणाले.